पुढे अपाची, मागे टॉमकॅट: दोन मशीन, दोन साइट आणि व्हर्च्युअल होस्टची जोडणी

लातूरच्या आडत बाजारात सौदा निघाला की गावोगावचे शेतकरी मोबाइलवर सोयाबीनचा भाव बघायला लागतात. निकालाच्या दिवशी क्लासेसच्या साइटवर पोरं आणि पालक एकदमच तुटून पडतात. अशी दोन ॲप्लिकेशन्स तुमच्याकडे आहेत असं धरू. दोन्ही जावामध्ये लिहिलेली, दोन्ही टॉमकॅटवर (जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालणारी, आणि आजवर एकाच मशीनवरून पत्त्याच्या शेवटी ८०८० हा पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो तो क्रमांक) लावून उघडणारी. आता दुसरं मशीन आलंय. पुढच्या मशीनवर अपाची (लोकांच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) बसवायचा, टॉमकॅट मागच्या मशीनवर ठेवायचा, आणि लोकांनी नुसतं नाव टाकलं की ज्याची त्याची साइट उघडली पाहिजे. एकाच सर्व्हरवर नावाप्रमाणे वेगळी साइट देण्याच्या या सोयीलाच व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. मराठवाड्यात बाजार समित्या, पतसंस्था, शाळा-कॉलेजं आणि साखर कारखाने यांची कामं सांभाळणारी बरीच मंडळी एकहाती हे सगळं करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

या जोडणीत काम थोडं असतं, पण माणूस अडकतो तो नेहमी एकाच प्रकारच्या ठिकाणी. ब्राउझरने अपाचीला तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: कोणतं नाव मागितलं, एचटीटीपीएसने मागितलं की साध्या एचटीटीपीने, आणि मागणारा कोणत्या पत्त्यावरून आला. अपाची मध्ये उभा राहिला की या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशीच थांबतात आणि टॉमकॅटला फक्त अपाची दिसतो. अडत्याने माल पुढे पाठवताना पट्टीवर शेतकऱ्याचं नावच लिहिलं नाही तर जो गोंधळ होईल, तोच इथे होतो. पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी या तीन गोष्टी मागच्या मशीनपर्यंत जशाच्या तशा पोचवण्यासाठी आहे.

आधी पत्ते आणि नावं ठरवा

पुढचं मशीन १९२.१६८.१०.१०, मागचं १९२.१६८.१०.२०. साइटची नावं भाव.एक्झाम्पल.कॉम आणि निकाल.एक्झाम्पल.कॉम. डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) दोन्ही नावं पुढच्या मशीनच्या सार्वजनिक पत्त्याकडे बोट दाखवतील. मागच्या मशीनला सार्वजनिक पत्ता नकोच. या लेखात डायरेक्टिव्ह (सेटिंगच्या ओळी), फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायचे, आणि इथे जो शब्द एकसलग आहे तो तिथेही एकसलगच.

एक अडचण आपल्याकडे हमखास येते. ऑफिसातल्या फायबर कनेक्शनला स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता बहुतेक वेळा नसतो. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत कोणी पोचूच शकत नाही. अशा वेळी एक तर स्थिर पत्ता विकत घ्या, नाही तर पुढचं मशीन म्हणून एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि तो मागच्या मशीनशी वायरगार्डच्या बोगद्याने (दोन मशीनमधल्या खाजगी, एन्क्रिप्टेड जोडणीने) जोडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच राहतात. १९२.१६८ च्या जागी बोगद्यातले पत्ते येतात, एवढाच फरक.

एचटीटीपी की एजेपी?

अपाची आणि टॉमकॅट जोडायचे तीन रस्ते, म्हणजे अपाचीची तीन मॉड्यूल आहेत: मॉड_जेके, मॉड_प्रॉक्सी_एजेपी आणि मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी. पहिले दोन एजेपी हा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यातल्या बोलण्यासाठीचा प्रोटोकॉल वापरतात, ज्याचा नेहमीचा पोर्ट ८००९. एजेपीची सोय अशी की वर सांगितलेल्या गोष्टी तो आपण होऊन मागे पोचवतो. पण फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघड झाली. ज्याला ८००९ पोर्टपर्यंत पोचता येत होतं त्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. त्यानंतर टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० पासून एजेपी कनेक्टर (विनंत्या ऐकणारा भाग) मुळात बंद असतो. चालू केलाच तर तो फक्त स्वतःच्या मशीनवर ऐकतो आणि सीक्रेट (दोघांनाच माहीत असलेला सांकेतिक शब्द) मागतो. ते सीक्रेट पाठवायची सोय मॉड_प्रॉक्सी_एजेपीमध्ये अपाची २.४.४२ पासून आली.

माझं मत स्पष्ट आहे: नवी जोडणी एचटीटीपीनेच करा. बिघाड झाला तर कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने) थेट विचारता येतं, मधली बोलणी वाचता येतात, आणि उद्या टॉमकॅटच्या जागी दुसरा कोणता ॲप्लिकेशन सर्व्हर आला तरी पुढची बाजू तशीच राहते. मॉड_जेकेवर चालू असलेली जुनी साइट घाईने मोडू नका, मात्र ८००९ पोर्ट पुढच्या मशीनखेरीज कोणालाही उघडा नाही याची खात्री आजच करा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: मॉड_जेकेमध्ये मुख्य कॉन्फिगरेशनमधले जेकेमाउंट (कोणता पाथ टॉमकॅटकडे पाठवायचा ते सांगणाऱ्या ओळी) व्हर्च्युअल होस्टमध्ये आपोआप उतरत नाहीत. त्यासाठी जेकेमाउंटकॉपी लागतो.

टॉमकॅटची बाजू

टॉमकॅटची मुख्य सेटिंग फाइल सर्व्हर.एक्सएमएल उघडा. त्यात इंजिन (सगळे होस्ट ज्याच्या आत येतात तो भाग) आहे, आणि इंजिनमध्ये लोकलहोस्ट नावाचा एक होस्ट आधीपासून असतो. त्याच्या शेजारी आपले दोन होस्ट लिहायचे:

<होस्ट नेम="भाव.एक्झाम्पल.कॉम" ॲपबेस="भाव-ॲप्स" ऑटोडिप्लॉय="फॉल्स">
<होस्ट नेम="निकाल.एक्झाम्पल.कॉम" ॲपबेस="निकाल-ॲप्स" ऑटोडिप्लॉय="फॉल्स">

त्रिपलडब्ल्यू लावलेलं नावही चालायला हवं असेल तर त्या होस्टच्या आत एलियस (दुसरं नाव) टाका. मग टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये दोन्ही ॲपबेसचे फोल्डर बनवा आणि प्रत्येकात आपापली वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं एका फाइलीत बांधलेलं पॅकेज) रूट.वॉर या नावाने ठेवा. 'रूट' कॅपिटल अक्षरांतच हवं. लिनक्सवर लहान अक्षरांतलं चालत नाही. या नावामुळे ॲप्लिकेशन साइटच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर उघडतं, आणि त्याने पुढची मोठी डोकेदुखी टळते. ती का, ते खाली कुकीच्या भागात येईल.

दोन्ही होस्टना एकच ॲपबेस देऊ नका. दिला तर टॉमकॅट प्रत्येक होस्टसाठी तेच ॲप्लिकेशन वेगळं चढवतो. मेमरी दुप्पट जाते, आणि ॲप्लिकेशनमध्ये ठरलेल्या वेळी चालणारं काही काम असेल तर तेही दोनदा होतं. शेतकऱ्याला भावाचा एकच एसएमएस दोनदा गेला की पहिली शंका याचीच घ्यावी. कॉन्टेक्स्टमधला (एका ॲप्लिकेशनच्या सेटिंगमधला) डॉकबेस, म्हणजे त्याच्या फाइलींची जागा, ॲपबेसच्या आतलाच फोल्डर दाखवत असेल तरीही हेच घडतं.

इंजिनचा डिफॉल्टहोस्ट लोकलहोस्टच राहू द्या आणि त्याचा ॲपबेस रिकामा ठेवा. अनोळखी नावाने आलेली विनंती तिथे जाऊन ४०४ (पान सापडलं नाही) खाईल. हे मुद्दाम करायचं आहे: नाव नीट पोचत नसेल तर ते पहिल्याच दिवशी उघडं पडतं. डिफॉल्ट म्हणून भावाचीच साइट ठेवली तर ती बरोबर उघडतेय असं वाटत राहतं आणि निकालाच्या नावावरही भावच दिसतो.

ॲप्लिकेशन जुनं असेल तर आवृत्ती जपून निवडा. टॉमकॅट १० पासून जावाएक्सऐवजी जकार्ता ही नावं आली, त्यामुळे टॉमकॅट ९ साठी लिहिलेलं ॲप्लिकेशन १० वर जसंच्या तसं चालत नाही. जोडणी आणि आवृत्तीबदल एकाच रात्री हाती घेऊ नयेत.

अपाचीला हात लावण्याआधी

पुढच्या मशीनवर बसा आणि तिथून मागच्या मशीनला थेट विचारा. कर्लला कॅपिटल एचचा पर्याय देऊन होस्ट हेडर (कोणती साइट हवी ते सांगणारी विनंतीतली ओळ) हाताने लिहिता येतो: होस्ट भाव.एक्झाम्पल.कॉम, आणि पत्ता एचटीटीपी://१९२.१६८.१०.२०:८०८०/. भावाचं पान आलं पाहिजे. हेडरमध्ये निकालाचं नाव टाकलं की निकालाचं, आणि काहीही भलतं नाव टाकलं की ४०४. ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे काही बिघडलं तर दोष मागच्या बाजूचा नाही हे तुम्हाला ठामपणे माहीत असेल, आणि शोधाचं निम्मं काम तिथेच संपेल.

अपाचीची बाजू

प्रॉक्सी, प्रॉक्सी_एचटीटीपी, हेडर्स आणि एसएसएल ही मॉड्यूल चालू हवीत. डेबियन-उबंटूवर ए२एनमॉड या कमांडने चालू होतात. रेड हॅटच्या घराण्यात प्रॉक्सीची मॉड्यूल आधीपासून लोड असतात, मॉड_एसएसएलचं पॅकेज मात्र वेगळं बसवावं लागतं.

प्रत्येक साइटची फाइल वेगळी ठेवा. भावाच्या साइटची अशी:

<व्हर्च्युअलहोस्ट *:४४३>
सर्व्हरनेम भाव.एक्झाम्पल.कॉम
डॉक्युमेंटरूट /व्हार/त्रिपलडब्ल्यू/भाव
प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन
रिक्वेस्टहेडर सेट एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो "एचटीटीपीएस"
प्रॉक्सीपास /.वेल-नोन/ !
प्रॉक्सीपास /सूचना/ !
प्रॉक्सीपास / एचटीटीपी://१९२.१६८.१०.२०:८०८०/ रिट्राय=० कनेक्शनटाइमआउट=५ टीटीएल=१५
प्रॉक्सीपासरिव्हर्स / एचटीटीपी://१९२.१६८.१०.२०:८०८०/
</व्हर्च्युअलहोस्ट>

सर्टिफिकेटच्या ओळी यात नेहमीप्रमाणे येतीलच. 'सूचना' फोल्डरचं नाव मात्र प्रत्यक्षात रोमन लिपीतच ठेवा. निकालाची फाइल सर्व्हरनेम, डॉक्युमेंटरूट आणि सर्टिफिकेट सोडलं तर अगदी अशीच असेल. मागचा पत्ता दोन्हीकडे सारखाच, कारण कोणती साइट द्यायची हे टॉमकॅट होस्टच्या नावावरून ठरवणार आहे.

इथली सगळ्यात महत्त्वाची ओळ प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट. ती मुळात बंद असते. बंद असताना अपाची टॉमकॅटला होस्ट म्हणून १९२.१६८.१०.२०:८०८० असं सांगतो, टॉमकॅटला ते नाव ओळखीचं नसतं, आणि दोन्ही साइट डिफॉल्टहोस्टवर जाऊन पडतात. "दोन्ही नावांवर एकच पान उघडतंय" ही तक्रार आली की आधी ही ओळ बघा. एन्जिनएक्स वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे: तिथे प्रॉक्सी_सेट_हेडरने होस्ट स्वतः पाठवावा लागतो, नाही तर प्रॉक्सी_पासमध्ये लिहिलेला पत्ताच होस्ट म्हणून जातो.

प्रॉक्सीपासच्या ओळी (कोणता पाथ कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या) वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. म्हणून उद्गारचिन्हाचे अपवाद (हे पाथ मागे पाठवू नका असं सांगणारे) आधी आणि सगळं पकडणारी तिरकी रेघ शेवटी. डाव्या बाजूच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर उजव्या बाजूलाही हवीच. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं झालं की पत्ते एकमेकांना चिकटतात.

८० पोर्टच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये फक्त ४४३ कडे कायमचा रिडायरेक्ट लिहा. तिथे प्रॉक्सीपास अजिबात नको. एकाच होस्टमध्ये दोन्ही असले तर प्रॉक्सीपास आधी लागू होतो आणि तुमचा रिडायरेक्ट चालतच नाही.

प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ही ओळ कुठल्या जुन्या फाइलीतून 'ऑन' होऊन आली असेल तर काढून टाका. तिच्यामुळे तुमचं मशीन साऱ्या जगासाठी खुला प्रॉक्सी (कोणाच्याही विनंत्या कुठेही पोचवणारा मध्यस्थ) बनतं. प्रॉक्सीपासला तिची गरज नसते.

आता पहिल्या व्हर्च्युअल होस्टबद्दल. एखादं नाव कोणत्याच सर्व्हरनेमशी जुळलं नाही तर अपाची त्या पोर्टवरचा पहिला व्हर्च्युअल होस्ट देतो, आणि पहिला म्हणजे फाइलींच्या नावांच्या क्रमाने जो आधी वाचला गेला तो. म्हणून ०००-डिफॉल्ट नावाची फाइल ठेवून त्यात ८० आणि ४४३ दोन्हींसाठी सगळ्यांना नकार देणारा रिकामा होस्ट लिहा. नुसता आयपी टाकून चाचपणी करणारे तिथेच थांबतील. मग अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट चालवा, आणि त्यानंतर कॅपिटल एसच्या पर्यायाने कोणता होस्ट कोणत्या फाइलीतून, कोणत्या ओळीवरून आला आणि डिफॉल्ट कोणता ठरला याची यादी वाचा. जुन्या मशीनवर कुठली विसरलेली फाइल मध्येच घुसलीय हे या यादीत लगेच कळतं. नेमव्हर्च्युअलहोस्ट ही ओळ जुन्या ट्यूटोरियलमध्ये दिसते. अपाची २.४ मध्ये तिचा काही उपयोग राहिलेला नाही.

लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान

रूट.वॉरचा आग्रह यासाठी होता. समजा ॲप्लिकेशन निकालॲप या नावाने चढवलंय आणि तुम्ही अपाचीमध्ये नुसती तिरकी रेघ निकालॲपकडे वळवली. पान उघडतं, सगळं छान दिसतं. विद्यार्थी नाव-पासवर्ड टाकतो आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर येतो. कितीही वेळा करा, तेच. लॉगमध्ये एकही चूक नाही.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा आणि लॉगिनच्या उत्तरातलं सेट-कुकी हेडर बघा. तिथे जेसेशनआयडी (सेशन ओळखणारी कुकी) दिसेल आणि त्याच्यापुढे पाथ=/निकालॲप. टॉमकॅटच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण त्याचं ॲप्लिकेशन त्या पाथवरच राहतं. पण ब्राउझरच्या पट्टीत निकालॲप कुठेच नाही. म्हणून पुढच्या विनंतीत ब्राउझर ती कुकी पाठवत नाही, आणि टॉमकॅट दर वेळी नवं सेशन उघडतो.

प्रॉक्सीपासरिव्हर्सकुकीपाथने हे दुरुस्त करता येतं: डावीकडे /निकालॲप, उजवीकडे तिरकी रेघ. तरीही ॲप्लिकेशनने स्वतः बनवलेल्या लिंक्स आणि चित्रांचे पत्ते निकालॲपनेच सुरू होतात, ते वेगळे सांभाळावे लागतात. त्यापेक्षा पुढचा आणि मागचा पाथ सारखाच ठेवलेला केव्हाही बरा.

एचटीटीपीएस आणि खरा पत्ता मागे पोचवणं

सर्टिफिकेट अपाचीवर आहे, टॉमकॅटपर्यंत साधं एचटीटीपी जातं. त्यामुळे ॲप्लिकेशनला वाटतं की लोक साध्या एचटीटीपीनेच येताहेत. ते रिडायरेक्ट एचटीटीपीचा देतं, अपाची त्याला परत एचटीटीपीएसवर पाठवतो, आणि कधी कधी हे न संपणारं चक्र होतं. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर मॉड_प्रॉक्सी स्वतःच लावतो. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो मात्र लावत नाही, म्हणून वरच्या फाइलीत ती ओळ हाताने लिहिली.

हेडर पोचलं तरी टॉमकॅट ते आपोआप मानत नाही. त्यासाठी इंजिनमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह (ही हेडर वाचून खरा पत्ता धरणारा भाग) लावायचा. त्यात रिमोटआयपीहेडरला एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि प्रोटोकॉलहेडरला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो द्या. इंटर्नलप्रॉक्सीजमध्ये फक्त पुढच्या मशीनचा पत्ता लिहा. तो रेग्युलर एक्सप्रेशन (अक्षरं जुळवायचा नमुना) असतो, म्हणून प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरकी रेघ. मूळ सेटिंग सगळ्या खाजगी पत्त्यांवर विश्वास ठेवतं, आणि ऑफिसच्या नेटवर्कमधले कॉम्प्युटरही तेच पत्ते वापरतात. शेवटी ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हमध्ये रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड 'ट्रू' करा, नाही तर ॲप्लिकेशनला खरा पत्ता मिळतो पण लॉगमध्ये सगळीकडे १९२.१६८.१०.१० च दिसत राहतं.

सर्टिफिकेटपुरतं एवढंच: मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो. वेबरूट पद्धतीने (साइटच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून) करत असाल तर तपासणीची फाइल वेल-नोन फोल्डरमध्ये पडते. ती मागणी टॉमकॅटकडे जाऊ नये म्हणून वरचा पहिला अपवाद आहे.

मागचं दार

मागच्या मशीनच्या फायरवॉलमध्ये ८०८० फक्त १९२.१६८.१०.१० साठी उघडा. ही पायरी "नंतर करू" म्हणून राहते आणि राहूनच जाते. ती राहिली तर अपाचीला वगळून कोणीही थेट टॉमकॅटपर्यंत पोचू शकतो.

टॉमकॅटचा मॅनेजर (ब्राउझरमधून ॲप्लिकेशन चढवायचं-उतरवायचं साधन) लागत नसेल तर काढूनच टाका. ठेवलाच असेल तर एक धोका समजून घ्या. मॅनेजर मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरून उघडतो. कोणीतरी सोयीसाठी त्याच्या परवानगीत पुढच्या मशीनचा पत्ता घालतं. रिमोटआयपीव्हॉल्व्ह नसेल तर टॉमकॅटला जगातली प्रत्येक विनंती पुढच्या मशीनवरूनच आलेली दिसते. म्हणजे ती परवानगी सगळ्या जगाला दिल्यासारखी होते, मध्ये राहतो तो फक्त पासवर्ड. मॅनेजरसाठी एसएसएचचा बोगदा वापरा.

५०३ आणि लाइट

पहिल्यांदा साइट उघडताना ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आला तर अपाचीच्या एरर लॉगमधला कंसातला आकडा बघा. (१३) परमिशन डिनाइड असेल तर रेड हॅटच्या घराण्यातलं एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) अपाचीला बाहेर कनेक्शन करू देत नाहीये. सेटसीबूलने एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट चालू करा आणि कॅपिटल पीचा पर्याय विसरू नका, नाही तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर दुखणं परत येतं. एसईलिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला खूप जण देतात, तो ऐकू नका. (१११) कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे मशीन आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: टॉमकॅट बंद आहे, किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये ॲड्रेस १२७.०.०.१ दिलाय. (११३) नो रूट टु होस्ट दिसलं आणि पिंग मात्र चालत असेल, तर बहुधा मागच्या मशीनची फायरवॉल नकार देतेय.

लाइट जाऊन आल्यावरचा ५०३ वेगळा. पुढचं मशीन आधी उठतं, लोक लगेच यायला लागतात, मागचं मशीन अजून उठत असतं. अपाची एकदा प्रयत्न करतो, जमत नाही, आणि त्या मागच्या पत्त्याला ६० सेकंद बाजूला ठेवतो. त्या काळात टॉमकॅट उठला तरी लोकांना ५०३ च मिळतो. आपल्याकडे मागचं मशीन एकच आहे, दुसरीकडे वळवायला जागा नाही, म्हणून प्रॉक्सीपासच्या ओळीत रिट्राय शून्य ठेवलंय. टॉमकॅट सिस्टिमडीमध्ये (मशीनबरोबर सेवा आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेत) एनेबल केलेला आहे ना, तेही बघा.

तेवढ्या वेळात लोकांना कोरं इंग्रजी पान दिसू नये. सूचना फोल्डरमध्ये मराठीतलं एक साधं पान ठेवा, "सेवा काही मिनिटांत सुरू होईल" एवढं पुरे, आणि एररडॉक्युमेंट ५०३ त्याकडे वळवा. दुसरा अपवाद त्यासाठीच होता. टॉमकॅट चालू आहे पण त्यानेच ५०३ दिला तर हे पान लागण्यासाठी प्रॉक्सीएररओव्हरराइड लागतो. तो सरसकट लावला की ॲप्लिकेशनचे स्वतःचे एरर संदेशही झाकले जातात. अलीकडच्या आवृत्त्यांत त्याला फक्त ५०३ असं सांगता येतं, तेच करा.

प्रॉक्सीपासच्या ओळीतल्या टीटीएल=१५ चं (रिकामं कनेक्शन अपाचीने किती सेकंद ठेवायचं) कारणही इथेच सांगतो. टॉमकॅटसोबत येणाऱ्या फाइलीत कनेक्शनटाइमआउट २०००० मिलिसेकंद असतो, आणि रिकामं कनेक्शन टॉमकॅट तेवढ्याच वेळाने बंद करतो. अपाचीने नेमक्या त्या क्षणी ते जुनं कनेक्शन वापरायला घेतलं तर अधूनमधून, कारण न कळणारा ५०२ (मागच्या सर्व्हरचं उत्तर नीट आलं नाही) येतो. अपाचीनेच ते २० सेकंदांच्या आत सोडलं की तो थांबतो.

मराठी अक्षरं आणि गट नंबर

मराठी साइटवर हा भाग सोडून चालत नाही. शोधाच्या चौकटीत 'सोयाबीन' टाकून पत्त्यातून पाठवलं की टॉमकॅट ८ पासून ते यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) म्हणूनच वाचलं जातं. त्याआधीच्या आवृत्त्यांत कनेक्टरला यूआरआयएन्कोडिंग लिहावं लागायचं. पोस्टने आलेल्या फॉर्मचं गणित वेगळं आहे. ब्राउझर एन्कोडिंग सांगत नाही, आणि सर्व्हलेटच्या (जावा वेब ॲप्लिकेशनच्या) नियमाप्रमाणे न सांगितलं तर आयएसओ-८८५९-१ धरलं जातं. मग टॉमकॅट ९ पर्यंतच्या आवृत्त्यांत गावाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि कचरा दिसतो. टॉमकॅटसोबत येणारा सेटकॅरेक्टरएन्कोडिंगफिल्टर लावा आणि तो इतर सगळ्या फिल्टरच्या आधी ठेवा. आधीच्या फिल्टरने एकदा पॅरामीटर वाचला की नंतर एन्कोडिंग सांगून उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीच्या गट नंबरची. १२/२ असा नंबर पत्त्याच्या पाथमध्ये गेला की तिरकी रेघ टक्का-२-एफ बनते. अपाची मुळात असा पत्ता ४०४ देऊन तिथेच परतवतो, आणि अपाचीला अलाउएन्कोडेडस्लॅशेसने पटवलं तरी टॉमकॅट तो नाकारतो. दोघांच्या नकाराला सुरक्षेचं कारण आहे. गट नंबर प्रश्नचिन्हानंतरच्या भागात पाठवा, तिथे काहीच अडत नाही.

देवनागरीतलं .भारत डोमेन घेतलं असेल तर ब्राउझर होस्ट म्हणून त्याचं एक्सएन-- ने सुरू होणारं प्युनीकोड (रोमन अक्षरांतलं) रूप पाठवतो. सर्व्हरनेममध्ये आणि टॉमकॅटच्या होस्टमध्ये तेच रूप लिहा.

डीएनएस बदलण्याआधी

आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलीत दोन्ही नावं पुढच्या मशीनच्या पत्त्याला जोडा आणि खऱ्या ब्राउझरने सगळं फिरून बघा: लॉगिन, बाहेर पडणं, फॉर्ममध्ये मराठी नाव, फाइल चढवणं, सगळ्यात मोठा अहवाल. अहवाल ६० सेकंदांहून जास्त घेत असेल तर अपाची मध्येच कनेक्शन तोडेल, कारण टाइमआउटचं मूळ मूल्य तेवढंच आहे (डेबियन-उबंटूच्या फाइलीत ते ३०० सेकंद लिहिलेलं असतं). फक्त त्या पाथसाठी वेगळी प्रॉक्सीपास ओळ लिहून टाइमआउट वाढवा. सगळ्या साइटचा वाढवू नका.

डीएनएसचा टीटीएल (इतर सर्व्हरनी जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) आदल्या दिवशी कमी करा आणि बदल बाजार बंद असताना करा. मग काही दिवस दोन्हीकडचे लॉग शेजारी ठेवून वाचा. अपाचीच्या लॉगफॉरमॅटमध्ये टक्का-व्ही टाकला की कोणत्या साइटची विनंती ते कळतं, आणि टक्का-कॅपिटल-डीने तिला किती मायक्रोसेकंद लागले ते. तोच टक्का-डी टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्येही टाका. त्याचं एकक टॉमकॅटच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं, म्हणून तुमच्या आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन बघून घ्या. अपाचीत वेळ जास्त आणि टॉमकॅटमध्ये कमी दिसला तर अडचण दोघांच्या मधल्या तारेत, रांगेत किंवा लोकांच्या मोबाइल नेटवर्कमध्ये आहे. दोन्हीकडे सारखाच जास्त दिसला तर बहुतेक वेळा डेटाबेसचं कनेक्शन अपुरं पडतंय. टॉमकॅटचे थ्रेड (एका वेळी एकेक विनंती हाताळणारे) मुळात २०० असतात, पण त्याच्या नेहमीच्या डेटाबेस पूलमध्ये (तयार कनेक्शनच्या साठ्यात), डीबीसीपी २ मध्ये, मॅक्सटोटल, म्हणजे एकूण कनेक्शनची मर्यादा, फक्त ८ असतो. निकालाच्या दिवशी आठ जण पुढे जातात आणि बाकीचे १९२ थ्रेड त्यांच्या मागे थांबतात. तो आकडा डेटाबेस सोसेल इतका निकालाच्या आधीच वाढवून ठेवा.